पूर्ण एक मिनिट

शेवटच्या तासाला बाकीची शाळा
बास्केटबॉलच्या मैदानाकडे ओसरते तेव्हा
माझ्या वर्गात उरतात चार पलंग, एक व्हीलचेअर
आणि डॉन चेपे.
डॉन चेपे प्लास्टिकचा, डावा पाय निखळणारा.
बारसं मुलांनीच केलं.
अंघोळ घालताना पांघरूण जरा घसरलं
की तीच एकमेकांना दटावतात,
अरे, लाज झाक त्याची.
हे मी शिकवलेलं नाही.

तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या.
आता नेब्रास्कातल्या या गावात
सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना दाखवते
चादरीचा कोपरा कसा दुमडायचा,
कवळी कशी धुवायची. बेसिनमध्ये आधी टॉवेल अंथरायचा,
म्हणजे निसटली तरी फुटत नाही.
आणि नाडी.
नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची.
पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारी मुलं हुशार असतात.
मला हुशार नकोत.

डेल्फिना त्सोक खिडकीशी बसून
मनगटातली आठ हाडं घोकायची.
तिचे वडील मांसाच्या कारखान्यात, गार विभागात,
दर तीन सेकंदांना सुरीचा एक घाव.
सकाळी त्यांची बोटं मिटलेलीच असतात.
ती कोमट पाण्यात एकेक उघडून देते,
हाडांची नावं घेत.

गृहपाठ होता, घरातल्या तिघांची नाडी.
वहीत लिहिलेलं: आई बहात्तर.
भाऊ अठ्ठ्याऐंशी, जिन्यावरून धावत आला होता.
बाबा.
पुढे आकडा नाही. पेन्सिलीच्या टिंबांची ओळ,
जवळजवळ दोन, मग खड्डा,
मग घाईघाईनं तीन.
खाली बारीक अक्षरात,
मिसेस कुचेरा, मी चुकतेय का? चारदा मोजली.

मी वही मिटली. पुन्हा उघडली.
चुकली नव्हती.

बाप म्हणाला, कॉफीनं होतं.
मग म्हणाला, शनिवारी बघू.
मग म्हणाला, खाडा झाला तर हजेरीचे गुण कापतात.
ती म्हणाली, माझेही कापतात बाबा. चला.

दवाखान्यात दुभाषा फोनवर. त्याला स्पॅनिश येत होतं,
आईला फक्त किचे.
म्हणजे प्रत्येक शब्द शेवटी
या पोरीच्या तोंडाशी येऊन थांबायचा.
हृदयाचा वरचा कप्पा थरथरतो,
हे आईच्या भाषेत कसं सांगायचं, तिला सुचेना.
कोंबडीचं पिल्लू मुठीत धरल्यावर, ती म्हणाली.
आई म्हणाली, कळलं.

नोव्हेंबरात कॉलेजचे अर्ज.
साडेसहाशे शब्दांत सांगा, तुम्हाला नर्स का व्हायचंय.
मला वाटलं, ही पिल्लाबद्दल लिहिणार.
रुमाल जवळ घेऊनच मी वाचायला बसले.
तिनं लिहिलं होतं कवळीबद्दल.
टॉवेलबद्दल.
वृद्धाश्रमातल्या मिसेस व्लचेकना कवळीशिवाय
मुलासमोर यायला आवडत नाही,
हे त्यांच्या तक्त्यावर कुठं नव्हतं, मी लिहिलं.
एवढंच. दोनशे नव्वद शब्द. बाकी कागद कोरा.

मी विचारलं, वडिलांचं का नाही लिहिलंस?
म्हणाली, ते बाबांचं आहे.

आता शिफारसपत्रात रकाने भरतेय.
नेतृत्व. चिकाटी. वरच्या किती टक्क्यांत.
रसायनशास्त्रात तिला बी आहे, तेही आलंच.
आणि फीच्या पत्रकामागे तिनं मांडलेला हिशोब,
उन्हाळ्यातले अकरा आठवडे, त्याच कारखान्यात,
बापाच्या शेजारच्या टेबलावर.
त्यासाठी रकाना नाही.

मका कापून झालाय. पाच वाजताच काळोख.
रुळांपलीकडे कारखान्याची वाफ दिव्यात पिवळी दिसते.
समासात मी लिहिते,
ही मुलगी पूर्ण एक मिनिट मोजते.
त्यांना काय कळणार यातून?
खोडायला पेन उचलते, आणि ठेवून देते.
तेवढ्यात डॉन चेपेचा पाय पुन्हा खाली पडतो.
बसवायला उठते.